रक्ताचा रिपोर्ट आणि डोळ्याचा पडदा

(नाशिक येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात सिन्नरहून एक बाई आमच्याकडे आल्या. तीस वर्षं विड्या वळतात. हल्ली त्यांच्या बाद होणाऱ्या विड्या वाढल्यात. हात चुकत नाही, दोराच नीट दिसत नाही. पिशवीतून त्यांनी रक्ताचे रिपोर्ट काढले. "ताई, लेकानं सगळं पॅकेज करून दिलंय. बघा, यात डोळ्याचं काय आलंय?" साखर वाढलेली, आणि खाली 'सीआरपी'समोर वर जाणारा बाण.

डोळ्याचं त्यात काहीच नव्हतं.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठंही दाह असला की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. मधुमेहात असा मंद दाह बऱ्याचदा असतो, कारण पोटावरची चरबी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. डोळ्याच्या पडद्यातही तेच चालतं: केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना पांढऱ्या पेशी चिकटतात, भिंती पाझरतात, काही वाहिन्या बंद पडतात. मग प्राणवायूच्या ओढीनं नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यातून रक्तस्राव होतो. म्हणजे दाहाचा संबंध खोटा नाही. पण सीआरपी आणि पडद्याचा आजार यांची सांगड काही अभ्यासांत दिसली, काहींत दिसली नाही. शिवाय किडलेली हिरडी, लघवीचा संसर्ग, सुजलेला गुडघा, गर्भनिरोधक गोळ्या, कशानंही तो बाण वर जातो. पडद्याचं काय झालंय हे त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातली, झोपडपट्टीतली आणि शहरी मध्यमवर्गीय माणसं घेऊन चरबी, दाह आणि साखर यांचा अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काम मोलाचं आहे. पण ती सगळी माणसं पुरुष होती. विड्या वळणारी बाई त्यात कुठं बसते, हे आपण विचारायला हवं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणीसुद्धा लोहाच्या कमतरतेत फसवू शकते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आहेत.

पडदा कळतो तो डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून आत पाहिल्यावर किंवा पडद्याचा फोटो काढल्यावर. सुरुवातीला दुखत नाही, धूसरही दिसत नाही, म्हणून बाई जात नाही. धूसर दिसायला लागलं तरी "वयच झालं" म्हणून चष्म्याचा नंबर वाढवून घेते. लेसर आणि इंजेक्शनं आहेत, पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. २०१५ ते २०१९ या काळात देशात पन्नाशीपुढच्यांची पाहणी झाली. मधुमेह असलेल्या दर सहांपैकी साधारण एकाच्या पडद्याला इजा होती, आणि मधुमेह ठाऊक असूनही दहांपैकी नऊजणांनी पडदा कधीच तपासून घेतला नव्हता.

नेहमीचा मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा बघून घ्यायचा, पुढं दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेली मुलगी गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांत, कारण गरोदरपणात हा आजार भराभर वाढू शकतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत झाली आहे. पैसे लागत नाहीत. रोज बुडतो, बसभाडं लागतं आणि सोबत माणूस लागतं. थेंबांनंतर काही तास नीट दिसत नाही. नवरा म्हणतो मला कामाला जायचंय, सुनेचं मूल लहान. त्या सिन्नरच्या बाईंचं एवढ्यावरच आठ महिने राहून गेलं होतं. लॅबचा माणूस मात्र रक्त घ्यायला घरी आला.

येत्या बुधवारी आम्ही चौघींना घेऊन जातोय, त्यात त्याही आहेत. परतताना हात धरायला दोघी कमी पडताहेत. ज्यांना तो दिवस मोकळा आहे, त्यांनी चहाच्या सुट्टीत नाव सांगा.