विकलेल्या वस्तूवर सत्ता कोणाची?

सिकंदराबादेत पॅराडाइज चौकाजवळ पार्क लेनच्या बाजूला चिनॉय ट्रेड सेंटर नावाची इमारत आहे. ती आणि तिच्या आसपासची दुकाने म्हणजे जुळ्या शहरांतील संगणकांची पेठच होय. नवे यंत्र घ्यावयाचे असो की जुने दुरुस्त करावयाचे असो, गिऱ्हाइकाची पावले इकडे वळतात. दाम मोजून यंत्र घेतले की ते घेणाऱ्याचे झाले, याविषयी कोणास शंका नसते. परंतु त्या यंत्रात चालणारी आज्ञावली, जिला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात, तिचेही दाम त्याने मोजलेले असतात. आणि ती मात्र त्याची झालेली नसते! आपण ही वस्तू विकलेली नसून केवळ वापरण्याचा परवाना दिला आहे, असे कंपनीचा अटींचा मजकूर सांगतो. तो बारीक अक्षरांतील मजकूर वाचून मग पैसे देणारे गिऱ्हाईक विरळा.

मग पैसे दिले ते कशाचे? हा प्रश्न ऐरणीवर आणणारा एक मोठा खटला याच भूमीत उभा राहिला. आणि गंमत अशी की, तो गिऱ्हाइकाने नव्हे, तर विक्रीकराच्या आकारणीने उभा केला. हैदराबाद तेव्हा आंध्र प्रदेशाची राजधानी होती. त्या राज्याच्या 1957 च्या विक्रीकर कायद्याखाली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने विकलेल्या तयार आज्ञावलींवर कर बसविण्यात आला. कंपनीचे म्हणणे असे की, आज्ञावली ही बुद्धीची निर्मिती. तिला हात लावता येत नाही, म्हणून ती ‘माल’ नव्हे. तबकडी हे केवळ तिचे वाहन. हैदराबादच्या उच्च न्यायालयास हे पटले नाही. प्रकरण दिल्लीस गेले, आणि 5 नोव्हेंबर 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानेही राज्याच्याच बाजूने निकाल दिला. ग्रंथातील विचार अमूर्त असतो, चित्रकाराची कल्पनाही अमूर्तच. परंतु ती कागदावर किंवा कॅनव्हासवर उतरून बाजारात आली की माल होते. तबकडीवरील तयार आज्ञावलीचेही तसेच, अशी ही विचारसरणी होती.

म्हणजे कर घेण्यापुरती ती विक्री ठरली. सरकार म्हणते, माल विकला गेला, कर भरा. कंपनी गिऱ्हाइकास सांगते, माल विकलेलाच नाही. आणि किंमत व कर हे दोन्ही अखेर ज्याच्या खिशातून जातात, त्यास मालकाचे अधिकार कोणीच देत नाही.

ग्रंथांच्या बाबतीत हा घोळ फार पूर्वीच मिटला आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर, ही एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये, अशी ताकीद छापली होती. मेसी या दुकानाने ती 89 सेंटांस विकली. 1908 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने कौल दिला: एकदा विकलेल्या प्रतीची पुढील किंमत ठरविणे हा प्रकाशकाचा अधिकार नव्हे. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातही 1994 च्या दुरुस्तीने, एकदा विकलेली प्रत प्रचारात आलेली मानावी, असे स्पष्ट केले. हैदराबादेत आबिडच्या पदपथावर दर रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार कायद्याच्या दृष्टीने निर्धास्त आहे, तो यामुळे. लेखकाचा घास येथे कोणी हिरावून घेत नाही. नवी प्रत छापण्याचा हक्क त्याचाच राहतो, आणि चोरट्या प्रती काढणाऱ्यास शिक्षा व्हावी हे योग्यच आहे.

त्याच 1994 च्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणे यांस मात्र उफराटा न्याय लावला. प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो, ती विकण्याचा हक्क स्वामित्वधारकाकडेच! अक्षरार्थ धरला तर घरातली जुनी गाण्यांची कॅसेट विकणाराही दोषी ठरावा. हे शब्द 2012 मध्ये वगळण्यात आले. शहाणपण सुचण्यास अठरा वर्षे लागली.

परंतु आता शब्दांचे काम कुलूप करू लागले आहे. जुलै 2009 मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीने काही वाचकांनी विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ती पुस्तके पुरविणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसेही परत करण्यात आले, आणि पुढे कंपनीच्या प्रमुखाने क्षमाही मागितली. पण आबिडच्या विक्रेत्याने रात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरून फडताळातले पुस्तक उचलावे आणि मेजावर पैसे ठेवून निघून जावे, तर त्यास काय म्हटले असते? पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी असावी, हा योगायोग कडवटच.

आपल्याकडे 2 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा एका कराच्याच खटल्यात, अंतिम वापरणाऱ्यास मिळणारी आज्ञावलीची प्रत हा विकलेला माल होय, असे मानले. करारास परवाना म्हटल्याने व्यवहाराचे मूळ रूप बदलत नाही. कुलपाचे कलम मात्र वेगळे आहे. 2012 मध्ये घातलेल्या 65-अ कलमानुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याने न निषेधिलेल्या कामासाठी ते उघडण्यास मोकळीक आहे. परंतु दुसऱ्यास त्या कामी साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व सर्व तपशील नोंदवून ठेवले पाहिजेत. आपल्याच पैशाने घेतलेली वस्तू उघडून घेण्यासाठी पार्क लेनमधील दुरुस्तीवाल्यापुढे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाने प्रथम त्याच्या वहीत आपले नाव लिहावयाचे, असा हा कायदा आहे.