खिशातली दुसरी बॅटरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीने बॅटरीवर बोलावे, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मलाही वाटले. पण एका बॅटरीने मला भर कविसंमेलनात चटका दिला आहे, त्यामुळे तिच्याविषयी बोलण्याचा थोडाफार हक्क मला पोचतो.

गोष्ट २०१० च्या आसपासची. ते भारनियमनाचे दिवस होते. शहरात काही तास, खेड्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ वीज नसे. त्यामुळे ज्याला फोनची गरज, त्याच्या खिशात दुसरी बॅटरी असायची. नखाने फोनचे मागचे झाकण काढायचे, रिकामी बॅटरी बाहेर, भरलेली आत, की फोन पुन्हा ताजातवाना. मीही तशी एक बॅटरी बाळगत होतो.

जिल्ह्यातल्या एका गावी कविसंमेलन होते. माझ्या कुडत्याच्या खिशात ती बॅटरी, घराच्या किल्ल्या आणि थोडी चिल्लर. कवितेच्या तिसऱ्या कडव्याला मांडीला काहीतरी चावल्यासारखे झाले. चौथ्याला चटका बसू लागला. शेवटचे कडवे मी असे काही घाईने म्हटले, की लोकांना वाटले कवी भावनावश झाला. टाळ्या पडल्या. मी मंचामागे धावलो आणि खिसा उलटा केला. बॅटरी हातात धरवत नव्हती. मांडीवर रुपयाएवढा डाग पडला होता. तो अजून आहे.

झाले होते ते असे. बॅटरीच्या कडेला पिवळ्याधमक धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. त्यांतली एक धन, एक ऋण. किल्लीने या दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी स्पर्श केला आणि फोनला दिवसभर पुरायची वीज किल्लीतूनच धावू लागली. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो. त्या दिवशी बॅटरी नुसती तापली, पेटली नाही, हे माझे नशीब.

त्या प्रसंगानंतर एक गोष्ट मी मनाशी पक्की केली. फोनमध्ये असते तेव्हा बॅटरीवर पहारा असतो. ती बाहेर काढली की पहारेकरी आपण. आजचे सगळे सांगणे या एका वाक्याभोवती आहे.

हा पहारा कसला, ते सांगतो. आपल्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या पोटात धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात, त्यांवर रसायनांचा लेप असतो आणि दोन पट्ट्यांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. हे सगळे ज्या द्रवात भिजलेले असते, तो द्रव रॉकेलसारखा पेट घेणारा. पडदा शाबूत आहे तोवर सगळे शांत. तो फाटला, वितळला, की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, उष्णता वाढते, त्या उष्णतेने पडदा आणखी वितळतो, आणि मग ती आग स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

पडदा फाटायला फार काही लागत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ या महागड्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या आणि कंपनीला तो फोन कायमचा बंद करावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये कारणे जाहीर झाली. एका कारखान्याच्या बॅटरीत आतली पट्टी कोपऱ्यात दुमडली गेली होती, दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरीत जोडकामाचे बारीक टोक राहून गेले होते. नामांकित कारखान्यांत हे होऊ शकते, तर फुटपाथवरच्या बिननावाच्या बॅटरीचा काय भरवसा?

म्हणून बॅटरीच्या डोक्यावर एक छोटी पट्टी बसवलेली असते. बॅटरी प्रमाणाबाहेर भरू लागली, फार रिकामी झाली किंवा शॉर्ट झाली, तर वीज तोडायचे काम तिचे. स्वस्तातल्या नकली बॅटरीत पैसे वाचवले जातात ते बहुधा इथेच. शिवाय फोनच्या बॅटरीवर दोनच नव्हे, तीन किंवा चार पट्ट्या दिसतील. बऱ्याच बॅटऱ्यांत मधली पट्टी बॅटरी किती तापली हे फोनला सांगते. ताप वाढला की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो.

आता तो चिमट्याचा चार्जर आठवा. सुटी बॅटरी चिमट्यात पकडायची, दोन तारा सरकवून टोकांवर टेकवायच्या आणि चार्जर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा. लाल-हिरवे दिवे लुकलुकले की आपण निर्धास्त. पण तारा दोनच. मधल्या पट्टीचे कोणी ऐकतच नाही. बॅटरी तापून ओरडत असली तरी या चार्जरला ते समजत नाही. म्हणून सुटी बॅटरी चार्ज करायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ती फोनमध्ये घालून चार्ज करणे. थोडा त्रास आहे, पण पहारा आहे. वेगळा चार्जर हवाच असेल, तर त्याच बॅटरीसाठी तिच्या कंपनीने बनवलेला घ्यावा. आणि चार्जिंग जागेपणी करावे.

बॅटरीच्या भीतीची एक मोठी लाट आपण पाहिली आहे. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबद्दल सावधगिरीची सूचना काढली. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असे तिचे म्हणणे होते. जगभरात अशा घटना शंभराच्या आसपास नोंदल्या गेल्या होत्या. पण आपल्याकडे घबराट अशी, की जो तो फोनचे झाकण काढून बॅटरीच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक वाचत बसलेला. ज्याने आयुष्यात कधी बॅटरी उलटी करून पाहिली नव्हती, त्याने त्या आठवड्यात ती पाहिली. भीतीने का होईना, ती सवय चांगली होती. ती टिकली नाही.

ती सवय पुन्हा लावून घ्यावी असे मला वाटते. बॅटरीवर कंपनीचे नाव, व्होल्ट, क्षमता आणि भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी. त्या खुणेजवळ आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. खुणाही नकली छापता येतात, हे खरे. पण जिच्यावर काहीच छापलेले नाही, ती घेऊ नये एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसरी परीक्षा आपल्या दुकानदारांनी शोधली. बॅटरी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवायची आणि बोटाने गरकन फिरवायची. भोवऱ्यासारखी फिरली तर समजायचे, पोट फुगले आहे. “चाचा, ही गेली,” असे मला अनेकदा ऐकावे लागले आहे. ही परीक्षा अगदी खरी आहे. आतले रसायन बिघडले की वायू धरतो आणि बॅटरी पुरीसारखी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, चार्ज करू नये, दाबून बसवू नये आणि सुईने टोचून हवा काढण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. महिनोन् महिने रिकामी पडलेली बॅटरीही जोर लावून जागी करू नये. आतून ती बदललेली असते.

बॅटरीचा तिसरा शत्रू ऊन. बहुतेक फोन कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा असे सांगतात. आपल्या नाशिकची हवा थंड, असे आपण अभिमानाने म्हणतो खरे, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे तर भट्टीच. तिथे सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक ठेवू नये. उशीखाली, गोधडीत चार्जिंगला लावू नये, कारण आतली उष्णता बाहेर पडायला वाट हवी. फरशी किंवा उघडे टेबल बरे.

आसपास काय आहे, तेही पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सिडकोतल्या उत्तमनगर भागात एका घरात स्फोट झाला. तिघे जखमी झाले, आजूबाजूच्या काचा फुटल्या. चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि त्याच्याजवळची सुगंधी स्प्रेची बाटली, असे तेव्हा बातम्यांत आले होते. नेमके कारण ठरवणे तज्ज्ञांचे काम. पण दाबाने भरलेला ज्वालाग्राही वायू आणि चार्जिंगची जागा यांत अंतर असावे, एवढे कळायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या घरी फोन चार्ज व्हायचा त्या फळीवरच अत्तराच्या कुप्या आणि स्प्रे असत. ती बातमी वाचली आणि त्याच दिवशी फळी बदलली.

तुम्ही म्हणाल, आता फोनची झाकणे उघडतातच कुठे? बरोबर आहे. बहुतेक स्मार्टफोनची बॅटरी आत बंद झाली. पण बटणांच्या साध्या फोनमध्ये, कॅमेऱ्यात ती आजही सुटी असते. आणि स्मार्टफोनवाल्यांच्या खिशातली दुसरी बॅटरी म्हणजे पॉवर बँक. युरोपात तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी, असा नियम लागू होत आहे. तेव्हा झाकणाचे दिवस पुन्हा येऊ शकतात.

पॉवर बँकेचे सांगायचे तर आमच्या नात्यातले एक जोडपे उमराहला निघाले होते. पॉवर बँक मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी. विमानतळावर बॅग उघडायला लावली, सगळे सामान विस्कटले, आणि बाईंना रडू कोसळले. नियम साधा आहे. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नाही. कारण हातातल्या बॅगेतून धूर निघाला तर कोणाला तरी दिसतो. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही. दहा हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ३७ वॉट-तासांची भरते. प्रत्येक सुटी बॅटरी वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत किंवा पिशवीत, नाहीतर टोकांना चिकटपट्टी लावून ठेवावी. माझ्या कुडत्याच्या खिशालाही हाच नियम हवा होता. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक आपल्या गावी येतील, तंबूत राहतील, आणि प्रत्येकाला फोन चार्ज करायचा असेल. तेव्हा एकाच बोर्डावर दहा चार्जर लटकलेले दिसले, तर यजमान म्हणून आपण दोन शब्द सांगायला हरकत नाही.

इतके करूनही धूर निघाला तर? हात पोचत असेल तर आधी सॉकेटचे बटण किंवा मेन स्विच बंद. मुलांना बाहेर काढावे, कारण तो धूर विषारी असतो. बॅटरी हातात घेऊ नये. वीज बंद झाल्यावर दुरून भरपूर पाणी ओतावे, कारण ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. आग आवरत नसेल तर बाहेर पडून १०१.

आता शेवटची गोष्ट. अब्बा २०१४ मध्ये गेले. त्यांचा बटणांचा साधा फोन अम्मीने कपाटात, त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवून दिला. त्यात त्यांनी मला पाठवलेले आणि मी त्यांना पाठवलेले निरोप होते. “कुठे आहेस? जेवायला ये.” असेच सगळे. काही वर्षांनी मी कपाट उघडले तर फोनचे झाकण आपोआप वर आलेले. आत मी त्यांना स्वस्तात आणून दिलेली नकली बॅटरी टम्म फुगली होती. आजूबाजूला अम्मीच्या रेशमी साड्या आणि घराची कागदपत्रे.

आपण काहीही न टाकणारी माणसे. सुतळी, डबे, जुनी घड्याळे सगळे जपतो. अम्मी म्हणाली, “टाकू नकोस रे, अब्बांची आहे.” मी तिला म्हटले, “फोन अब्बांचा आहे, अम्मी. बॅटरी कोणाचीच नसते.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हो म्हणाली.

बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली, ती वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, डबा गॅलरीत सावलीला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या बॅटऱ्या जमा करणाऱ्या केंद्रावर नेऊन दिली. घंटागाडीत टाकली नाही. कचरा दाबताना बॅटरी चिरडली तर गाडीच पेटू शकते आणि तिथे काम करणारी माणसे भाजतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा दुकानात, सर्व्हिस सेंटरवर “जुनी बॅटरी घेता का?” असे विचारायला लाजू नये.

मग चांगल्या कंपनीची नवी बॅटरी आणून फोनमध्ये घातली. फोन सुरू झाला. निरोप जागच्या जागी होते. ते वहीत उतरवून घेतले, बॅटरी पुन्हा काढली आणि अम्मीच्या कपाटात आता नुसता फोन आहे.

तुमच्याही घरात असा एखादा फोन असेल. आज रविवार आहे. कपाट उघडा आणि त्याचे झाकण काढून पाहा.