घोडं अडतं ते अपूर्णांकांपाशी

शिकवणीला नवी मुलं येतात ती बहुधा सहामाहीचा निकाल हातात घेऊन. बरोबर आई किंवा बाबा असतात आणि म्हणणं ठरलेलं असतं, "ताई, ट्रिग्नॉमेट्रीच जमत नाही त्याला. तेवढा कोर्स संपवून द्या." मी बरं म्हणते, मुलाला बसवते आणि बेरीज घालते. दोन तृतीयांश अधिक तीन पंचमांश. सुदामानगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत दहावीच्या किती मुलांनी याचं उत्तर पाच अष्टमांश लिहिलं असेल, ते आईबाबांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही. वरचे वर मिळवले, खालचे खाली. चूक होते याचं मला फारसं काही वाटत नाही. पण दोन तृतीयांशात भर घातली आणि उत्तर दोन तृतीयांशाहूनही लहान आलं, हे मुलाला खटकतच नाही! माझं खरं काम तिथून सुरू होतं.

हे आमच्या इंदूरपुरतं नाही. २०२४ सालच्या 'परख' या राष्ट्रीय सर्वेक्षणात गणिताची देशाची सरासरी तिसरीत ६० टक्के होती, सहावीत ४६ आणि नववीत ३७. पायरीपायरीनं उतरत गेलेली. त्याआधी, २०२३ च्या 'असर' अहवालानं ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगितलं होतं. ते जमलं सुमारे ४३ टक्क्यांना. इतिहासात मराठेशाही कच्ची राहिली तरी पहिलं महायुद्ध पाठ करून वेळ निभावते. गणितात तशी सोय नाही. सहावीत सुटलेलं नववीत आडवं येतं, आणि येतं ते वेगळं नाव घेऊन. मग घरी वाटतं, पोराला बीजगणित जमत नाही.

बीजगणितातलं एक उदाहरण घ्या. वर एक्स अधिक सहा, खाली सहा. मुलगा वरचा सहा, खालचा सहा काटतो आणि एक्स लिहून मोकळा होतो. यावर नियम सांगू नये, असं माझं मत आहे. नियम त्यानं शाळेत ऐकलेलाच असतो. मी एवढंच म्हणते, एक्सच्या जागी सहा घालून बघ. वर बारा, खाली सहा, उत्तर दोन. आणि तुझ्या उत्तराप्रमाणे? सहा. मग तो वहीकडे बघत बसतो. तेवढा वेळ आपण गप्प राहायचं. शिकवणाऱ्याला हे फार जड जातं.

माझ्याकडे एक मुलगा होता, घरचं सियागंजात किराण्याचं दुकान. एकशे ऐंशी रुपये किलोची डाळ पाऊण किलो, किती झाले? "एकशे पस्तीस," प्रश्न संपायच्या आत उत्तर. तेच कागदावर तीन चतुर्थांश गुणिले एकशे ऐंशी लिहून दिलं तर पेन दातात. दुकानात तो पाव किलोचे पंचेचाळीस काढून एकशे ऐंशीतून वजा करत होता. हे वितरणाचं उत्तम गणित आहे, फक्त त्याला ते गणित वाटत नव्हतं. पुढे आम्ही बहुपदीसुद्धा डाळीच्या भावानं सोडवल्या. आमची आजी-आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी घोकायची. ती घोकंपट्टी परत यावी असं मी म्हणणार नाही, पण पाऊण म्हणजे केवढं, हे त्या पिढीला डोळे मिटून कळायचं.

दहावीच्या मुलाला पाचवीच्या पुस्तकाशी बसवणं सोपं नसतं. शेजारच्या मैत्रिणीनं पाहिलं तर? अशा वेळी मी कापरेकर गुरुजींना बोलावते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. त्यांचा खेळ असा : कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८३५२. मग ६१७४, आणि तिथे गाडी थांबते. जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ येतेच. ज्या मुलीचं उत्तर येत नाही, तिची कुठेतरी हातच्याची चूक असते, आणि ती तिची तीच शोधते. संध्याकाळभर पानंच्या पानं वजाबाक्या होतात, नि कुणाला पाचवीत बसल्यासारखं वाटत नाही.

या सगळ्यात महिना जातो. मग आईचा फोन येतो, "ताई, स्कूलमध्ये सर्कल सुरू झालं, तुम्ही अजून फ्रॅक्शनवरच?" त्यांचंही चूक नाही. भंवरकुआकडे गेलं की कोचिंगच्या पाट्याच पाट्या, आणि आठवीपासून फाउंडेशन न लावणारे आपणच मागे पडलो असं वाटायला लागतं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग संस्थांनी प्रवेश देऊ नये. पाट्यांवर त्याचा परिणाम मला तरी दिसला नाही.

सीबीएसईच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगते. २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे दोन पेपर आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम तोच, प्रश्न वेगळे. मार्क कमी पडतात म्हणून घाईनं बेसिकवर खूण करू नका आणि लोक काय म्हणतील म्हणून स्टँडर्डवरही नको. पुढे गणित घ्यायचं असेल तर स्टँडर्ड बरं. नसेल घ्यायचं तर बेसिकमध्ये कमीपणा कसला? फॉर्म भरण्याआधी मुलाची कच्ची वही मागून घ्या, पक्की नको. खाडाखोड कुठे जास्त आहे ते त्याच्याजवळ बसून बघा, आणि तोच धडा आधी काढा, मग तो सहावीचा का असेना.