डंप आणि पायथ्याची शेतं

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

छत्रपती संभाजीनगर काळ्या पाषाणावर वसलेलं शहर आहे. या पाषाणात वेरूळ कोरलं गेलं, पण लोखंड, मँगनीज, कोळसा काही आपल्या वाट्याला आला नाही. त्यामुळे खाणीचा डंप, म्हणजे उपसलेल्या माती-दगडाचा ढिगारा, तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला नसेल. तरीही आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत असे डंप टेकड्यांसारखे उभे आहेत. तिथे एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. खाणीवर त्याला ‘रिजेक्शन’ म्हणतात. गिऱ्हाईक नाही म्हणून हलक्या प्रतीचं खनिजही वर्षानुवर्षं त्याच ढिगाऱ्यात गेलं. या शतकाच्या सुरुवातीला चीनचे पोलाद कारखाने ते हलकं खनिजही घेऊ लागले. २००९ मध्ये नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोने लोहखनिजातल्या लोहाची किमान मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली, आणि कालपर्यंतची माती कागदोपत्री खनिज झाली. टाकाऊ काय हे खडक ठरवत नाही, त्या वेळचा भाव आणि नियम ठरवतो.

पण त्या ढिगाऱ्याचा आणखी एक हिशेब आहे. गोव्याच्या धुवाधार पावसात डंपची लाल माती खाली उतरते. पिसुर्ले, शिरगाव अशा गावांतली शेतं आणि ओहोळ तिने भरले. खनिजाचे पैसे एकीकडे गेले, गाळ दुसरीकडे राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर डंप टाकायला मनाई केली आणि विक्रीच्या रकमेतला १० टक्के भाग कायम निधीत ठेवायला सांगितलं. पुढच्या पिढ्यांचाही या खनिजावर हक्क आहे, हे त्यात मान्य झालं. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

ढिगाऱ्यातून चांगलं काम होऊ शकतं, याचं उदाहरण विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव इथे वेस्टर्न कोलफिल्ड्सने कोळशावरची माती धुऊन तिच्यातून बांधकामाची वाळू काढली. कोळशाच्या वर वालुकाश्माचे थर आहेत, म्हणून ते जमलं. पैठण-गंगापूरकडे गोदावरीच्या पात्रातून रात्री निघणारे वाळूचे हायवा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वाळूची किंमत समजावून सांगायला नको. ती वाळू इथवर आणणं परवडणार नाही, हे खरं. पण नदी न खरवडताही वाळू मिळते, एवढं त्यातून दिसलं.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं. खाणीची उपसलेली माती, धुलाईनंतरचा गाळ, औष्णिक वीज केंद्रांची राख, ॲल्युमिना कारखान्यांचा लाल चिखल यांतून दुर्मीळ धातू मिळवणं हा त्याचा एक भाग आहे. म्हणजे तुमच्यातल्या भूविज्ञानाच्या, रसायनाच्या, यंत्र अभियांत्रिकीच्या मुलामुलींना काम आहे. कायदा शिकलेल्यांनाही आहे, कारण जुना डंप नेमका कुणाचा, हा वाद अजून पुष्कळ ठिकाणी मिटायचा आहे.

धातू काढण्याच्या या कामात एक अडचण आहे आणि ती कुणी मोठ्याने सांगत नाही. दगड बारीक दळून धातू काढून घेतला, की मागे उरतं ते आधीपेक्षा बारीक असतं. ते वाऱ्याने उडतं, पाण्याबरोबर लांब जातं. धातू मिळाला म्हणून ढिगारा संपला, असं होत नाही. उरलेला गाळ कुठे ठेवणार, त्याच्या बांधाची राखण कोण आणि किती वर्षं करणार, हे आधी ठरायला हवं.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. डंपच्या माथ्यावरून नमुने घ्याल, तेव्हा पायथ्याच्या विहिरीचं पाणी आणि शेतातली माती यांचेही नमुने घ्या, तेही काम सुरू होण्याआधी. ते आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर, गावाला वाचता येतील अशा मराठीत छापा. ज्या अहवालात ते नसतील, त्यावर सही करू नका.