तबकड्यांचा सांधा

श्रोतेहो, भोर तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकांचे पत्र माझ्यापुढे आहे. त्यांच्या सातवीतला एक मुलगा म्हणतो, मी डीजे होणार. वडिलांनी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला आहे. गुरुजी विचारतात, यात शिकण्यासारखे काही आहे, की नुसता गोंगाट?

वडिलांचे मला नवल वाटत नाही. आपल्याकडे डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरांची भिंत. गेल्या वर्षी आमच्या गावी एका वरातीत ती भिंत घरावरून गेली, तेव्हा फडताळातली भांडी वाजू लागली. आणि ज्याच्या हलगीपाठोपाठ आमच्या साऱ्यांच्या वराती निघाल्या, तो गडी देवळाच्या पायरीवर हात बांधून बसला होता.

पण मूळ शब्द यंत्राचा नाही, माणसाचा आहे. डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या निवडून लावणारा. हा शब्द अमेरिकेतल्या रेडिओवर जन्मला, तेव्हा आम्हा आकाशवाणीवर बोलणाऱ्यांनी तरी त्याला परका म्हणू नये!

आता जरा गोव्याला चला. हणजूण, वागातोर ही किनाऱ्यावरची गावे. १९७० च्या सुमारास तेथे परदेशी भटकी मंडळी येऊन राहू लागली. त्यांत कॅलिफोर्नियात १९५१ साली जन्मलेला गिल नावाचा एक तरुण होता. पुढे जग त्याला ‘गोवा गिल’ म्हणून ओळखू लागले. २०२३ साली तो वारला. माडांच्या सावलीत रात्री संगीत सुरू व्हावे ते उजाडेपर्यंत, कधी दुसरा दिवस मावळेपर्यंत चालावे, अशी त्याची रीत. आधी गिटारी होत्या, मग विजेची वाद्ये आली, आणि १९९० नंतर त्यातून जी चाल घडली तिला ‘गोवा ट्रान्स’ हे नाव पडले. ट्रान्स म्हणजे तंद्री.

तंद्री आपल्याला नवी नाही. दिंडीत पावली रंगात आली की पखवाज लय वाढवीत नेतो आणि पाय आपोआप उचलतात. फरक इतकाच, की ट्रान्समध्ये लय बहुधा वाढत नाही. मिनिटाला सुमारे १४० ठोके, म्हणजे घड्याळाच्या तीन सेकंदांत सात, ते शेवटपर्यंत तसेच. बदलतो तो स्वराचा रंग. एकच तुकडा आधी बंद दाराआडून आल्यासारखा दबका, मग हळूहळू दार उघडावे तसा लखलखीत. सुरुवातीला मला हे कंटाळवाणे वाटले, हे कबूल करतो. अर्ध्या तासाने वाटेनासे झाले.

त्या काळची एक गोष्ट मला फार आवडते. किनाऱ्यावरच्या उन्हात तबकड्या वाकत, म्हणून तिथली मंडळी छोट्या डिजिटल फिती वापरीत. पण बहुतेक फितीयंत्रांत वेग कमीजास्त करण्याची सोय नसे. मग दोन रचना जोडायच्या कशा? रचनाकारांनीच तोड काढली. आरंभी आणि शेवटी ठेक्यावाचून लांब स्वर ठेवायचा, आणि एकीचा शेवट दुसरीच्या आरंभावर अलगद पांघरायचा.

लंडनच्या पॉल ओकनफोल्डने गोव्यात हे ऐकले, आणि १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसीच्या रेडिओ वनवर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ सादर केला. हणजूणची चाल अशी रेडिओवरूनच इंग्लंडच्या घराघरांत गेली. १९९८ साली त्याने ‘ट्रान्सपोर्ट’ हा संग्रह काढला. अनेकांच्या रचना त्यात आहेत, पण तासाभराहून अधिक वेळ संगीत एकदाही थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, रचना दुसऱ्यांच्या, मग याने केले काय? अहो, कीर्तनकार तरी सगळे अभंग स्वतः कुठे रचतो? कोणता आधी, कोणता नंतर आणि एकातून दुसऱ्यात कसे उतरायचे, यातच त्याची परीक्षा. इथे तर हिशेबही आहे. एका रचनेचे ठोके मिनिटाला १३८, दुसरीचे १४०. दोन्ही एकदम सुरू केल्या, तर पंधरा सेकंदांत अर्ध्या ठोक्याचे अंतर पडते आणि दोन जात्यांची घरघर ऐकू यावी तसे होते. एकीचा वेग चिमूटभर वाढवून ते मिटवायचे. गुरुजी, हे त्रैराशिक सातवीला पुरेल.

वडिलांची भीती मात्र खोटी नाही. किनाऱ्यावरच्या त्या रात्रींत मादक पदार्थ शिरले, गावकऱ्यांची झोप गेली, तक्रारी झाल्या. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. काही मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. वरातीची भिंत त्याच्या किती पलीकडे जाते, ते फडताळातल्या भांड्यांना विचारावे. पण ही कला शिकायला भिंत लागत नाही. कानाला लावायची श्रवणी, दोन रचना आणि सोशिक कान पुरतात.

मोबाईल जाण्याआधी मुलाने केलेली पंधरा मिनिटांची जोडणी गुरुजींनी पत्रासोबत पाठवली आहे. मी ती दोनदा ऐकली. एक हलगीचा तुकडा आणि एक विजेचा ठेका त्याने जोडला आहे. तिसऱ्या मिनिटाला हलगी मागे पडते, सांधा उघडा दिसतो. पुढे नवव्या मिनिटाला तोच सांधा पुन्हा येतो, आणि तिथे मला तो सापडला नाही. गुरुजींनी वडिलांना एकदा शाळेत बोलावून तेवढी नऊ मिनिटे ऐकवावीत. आवाज मात्र लहान ठेवावा.