मर्ज करण्यापूर्वी एक फोन

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी बेंगळुरूला स्थायिक झालो. इथे माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची संपर्कयादी मी सांभाळतो. कंपन्या ज्या सीआरएम सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकांची माहिती ठेवतात, त्यातच आम्ही ही कुटुंबं ठेवतो.

अशा यादीत एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी होतातच. रोमन लिपीत एक जण ‘जाधव’मध्ये ‘एच’ घालतो, दुसरा घालत नाही. कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी नुसती आद्याक्षरं. मोबाइल नंबर बदलतो. मग सॉफ्टवेअर विचारतं, या नोंदी मर्ज करू का?

एकदा दोन नोंदी समोर आल्या. नाव, आडनाव, गाव, फोन, सगळं सारखं. मी बटण दाबून मोकळा झालो. जूनमध्ये एका वीरपत्नीचा फोन आला, “साहेब, पोराच्या फीचे पैसे या वर्षी आले नाहीत. आमचं नाव काढलंत का?”

त्या दोघी वेगळ्या होत्या. गाव एक, नाव एक, आणि दोघींनी फोन दिला होता तो एकाच शेजाऱ्याचा. पतींचे सर्व्हिस नंबर वेगळे होते. ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेले होते, पण मी तो उघडलाच नव्हता.

एका प्लाटूनमध्ये चार पाटील असले तर नंबर विचारायचा, हे फौजेत मुरलेला मी, आणि तरी चुकलो. नंबरही कधीकधी चकवतो बरं का. हवालदार नायब सुभेदार झाला की त्याला नवा ‘जेसी’ नंबर मिळतो. माणूस एकच, नंबर दोन. म्हणून जुना नंबरही जपून ठेवावा लागतो.

हाच प्रश्न देशापुढेही होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. तिथे एकट्या नावावर भिस्त नाही. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. आमच्याकडे ठसे नाहीत, आणि नकोतही. आमच्याकडे फोन आहे.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो. आधी पूर्ण यादीची प्रत काढून ठेवतो, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मर्ज उलटवता येत नाही. नाव जुळलं तरी आणखी दोन गोष्टी जुळवून पाहतो. कुठल्याही एका नोंदीत ‘फोन करू नका’ असं असेल, तर ते एकत्र नोंदीत कायम ठेवतो. आणि शंका आली की स्वतः फोन लावून विचारतो.

त्या ताईंची फी आम्ही भरली, मी माफीही मागितली. पण शाळेसमोर त्यांना महिनाभर हात जोडावे लागले, ते काही मला परत घेता आलं नाही. यादीत एक नोंद जास्त राहिली तर फार तर एक पत्र दोनदा जाईल. एक नोंद कमी झाली तर एक घर राहून जातं.