क्लोन जनावराचे मांस : भीती कशाची बाळगावी?

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो नववीच्या वर्गाने माझ्यावर लादला. मोबाईलवर फिरणारा एक मजकूर मुलांनी मला दाखविला. परदेशात यंत्रात बनविलेल्या जनावरांचे मांस विकतात, त्याने रोग होतात आणि ते हराम आहे, असा त्याचा मथितार्थ. एका दमात तीन विधाने, आणि तिन्ही वेगवेगळ्या शास्त्रांची! मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस; विज्ञानाचा पदवीधर नव्हे आणि मौलवी तर मुळीच नव्हे. परंतु वर्गातल्या प्रश्नाकडे शिक्षकाला पाठ फिरविता येत नाही.

प्रथम क्लोन म्हणजे काय ते पाहू. कोकणातल्या माणसाला हे समजणे कठीण नाही. कोयीपासून उगवलेले रायवळाचे झाड आपल्या आईसारखेच निघेल याची खात्री नसते. हापूसचे मात्र आपण कलम बांधतो, म्हणून त्याला हापूसच लागतो. कलम म्हणजे एका परीने क्लोनच. आपण पिढ्यान्‌पिढ्या ते खात आलो आहोत.

जनावराचे कलम असे फांदी तोडून बांधता येत नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या रॉझलिन संस्थेत इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातील केंद्रक काढून टाकून त्यात ती विजेच्या सूक्ष्म धक्क्याने जोडली आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्या मेंढीच्या पोटात वाढविला. ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली. पोटात वाढविणारी मेंढी काळ्या तोंडाची, कोकरू पांढऱ्या तोंडाचे! प्रयोग साधल्याची ती पहिली खूण. म्हणजे डॉली यंत्रात बनली नव्हती. आईच्या उदरातून आली, गवत खाऊन वाढली, तिला पुढे कोकरेही झाली. प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेले मांस ही अगदी निराळी गोष्ट आहे. त्याच्या विक्रीला सिंगापूरने २०२० साली परवानगी दिली. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्हींची गल्लत केलेली दिसते.

आता रोगाविषयी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. क्लोन केलेल्या गाई, डुकरे व बकऱ्या आणि त्यांची संतती यांचे मांस व दूध नेहमीच्या जनावरांइतकेच सुरक्षित आहे, असे त्यात म्हटले आहे. मेंढीबद्दल मात्र पुरेशी माहिती नाही म्हणून निर्णय दिला नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणालाही त्याच वर्षी अन्न म्हणून काही फरक आढळला नाही. पण तपासलेली जनावरे थोडी आहेत, हेही त्यांनी नमूद केले. तेव्हा खाणाऱ्याला रोग होतात या विधानाला आधार नाही.

हलाल-हरामचा निर्णय उलेमांनी द्यावयाचा. एवढे सांगतो की जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ साली मानवाचे क्लोनिंग निषिद्ध ठरविले. प्राणी व वनस्पतींच्या बाबतीत मात्र शरीअतच्या मर्यादेत आणि लोकहितासाठी असेल तर मुभा दिली. जबिहाचे नियम त्यामुळे बदलत नाहीत.

मग काळजीचे काहीच नाही काय? आहे, पण ती आपल्या ताटापेक्षा गोठ्यात अधिक आहे. डॉलीसाठी २७७ वेळा पेशी जोडण्यात आल्या. त्यातून २९ गर्भ १३ मेंढ्यांमध्ये ठेवले आणि जगले एकच कोकरू. तंत्र पुढे सुधारले, तरी क्लोनचे गर्भ मोठ्या प्रमाणात वाया जातात. वासरे अवाजवी मोठी होतात, वाढविणारी गाय अडते, काही वासरे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावतात. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले पहिले क्लोन रेडकू काही दिवसांतच गेले. जूनमध्ये ‘गरिमा’ आली. आपल्या धर्मात जनावरापुढे सुरी पाजळू नये, एकासमोर दुसरे कापू नये, इथवर सांगितले आहे. मरणाच्या घटकेला ज्याची इतकी कदर, त्याच्या जन्माच्या यातनांचा हिशेब कोणी विचारू नये, हे मला पटत नाही. युरोपच्या नीतिविषयक सल्लागार मंडळालाही २००८ मध्ये अन्नासाठी क्लोनिंग समर्थनीय वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट सांगून विकण्याची. क्लोन महाग पडतो, म्हणून तो सहसा पैदाशीसाठी ठेवतात. बाजारात येते ती त्याची संतती. अमेरिकेत त्यावर तशी चिठ्ठी लावण्याचे बंधन घातले गेले नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये असे उघड झाले की, अमेरिकेतील एका क्लोन गाईच्या गर्भापासून वाढविलेल्या बैलाचे मांस परवानगीवाचून विकले गेले होते. लोक आजारी पडले नाहीत, पण भडकले. कारण कोणी त्यांना विचारले नव्हते. सप्टेंबर २०१५ मध्ये युरोपच्या संसदेने पशुधनाच्या क्लोनिंगवर व त्यांच्या संततीच्या अन्नावर बंदीच्या बाजूने मतदान केले. कापल्यावर मांस पाहून ते ओळखता येत नाही. गोठ्यापासूनची नोंद ठेवली तरच कळते. वेष्टणावरचा हिरवा ठिपका वा तपकिरी त्रिकोण पाहून आपण वस्तू घेतो, मग ही माहिती मागण्यात अवाजवी काय आहे?

आपल्या देशात हे काम दुधाळ म्हशी व जातिवंत रेडे यांच्यासाठी चालले आहे. काश्मीरच्या कृषी विद्यापीठात मार्च २०१२ मध्ये जन्मलेली ‘नूरी’ ही पश्मिना बकरी लोकरीसाठी होती. तिच्यामागे उभे असलेले संशोधक पशुवैद्यक होते. आपल्या मुलांच्या यादीत डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यानंतर एकदम रिकामी जागा दिसते. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून आहे. बारावीला जीवशास्त्र लागते. माहितीपत्रकाची एक प्रत मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. ज्या पालकांना पाहावयाची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे, मी तेथे असतो.